नागपूरला, तारेविना लागलेला दिवा पाहायला

नागपूरला जायचं ठरलं ते मेघाच्या एका वाक्यामुळे. "लेख छापायला देण्याआधी एकदा येऊन बघ."

मी पुण्यात शाळेत विज्ञान शिकवते. अवकाशात सौरपट्ट्या पसरायच्या, तिथल्या उन्हाची वीज करायची आणि ती लहरींच्या रूपात पृथ्वीवर पाठवायची, या कल्पनेवर मी भारावून लेख लिहिला होता. मेघा माझी जुनी मैत्रीण, नागपुरात भौतिकशास्त्राची प्राध्यापक. याच कामासाठी बंगळुरूच्या एका संशोधन गटाने तिला बोलावलं होतं आणि तिचा होकार अडला होता.

पुण्याहून संध्याकाळची गाडी धरली की सकाळी नागपूर. स्टेशनजवळच मेट्रो मिळते. सीताबर्डीला उतरा आणि आधी तर्री-पोहे खा. तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, ओतताना "थोडीच" म्हणायला लाजू नका. जायचं तर जानेवारीत. उन्हाळ्यात हे शहर पाहुण्यांचीही गय करत नाही.

रामदासपेठेतल्या तिच्या घरून दुपारी आम्ही तिघं कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो. तिसरे तिचे बाबा, भाऊराव. तीस वर्षं वीजमंडळात लाइनमन होते.

टेबलावर परातीएवढी धातूची थाळी. तीन पावलांवर लहरी पकडणारी जाळी लावलेला छोटासा दिवा. मधे काहीच नाही, नुसती हवा. मेघाने बटण दाबलं आणि दिवा लागला. मी हे वर्गात कितीदा शिकवलंय, तरी अंगावर काटा आला. भाऊराव वाकून दिव्यामागे तार शोधत होते.

"आता बघ," म्हणत मेघाने दिवा मागे सरकवला. चौथ्या पावलावर तो मंद झाला, सहाव्यावर विझला. "लहर पसरत जाते. छत्तीस हजार किलोमीटरवरून पाठवायची तर वरची थाळी किलोमीटरभर रुंद हवी, खालची त्याहून मोठी. शिवाय दर टप्प्यावर वीज वाया जाणार. तुझ्या लेखात हे कुठेच नाही."

"मले एक सांग वं," भाऊराव म्हणाले. "तिथं काही बिघडलं तं दुरुस्तीले कोन चढन?"

"यंत्रं करतील, बाबा."

"अन् यंत्रच बिघडलं तं?"

मेघाने बटण बंद केलं. मग म्हणाली, "याचं उत्तर नाहीये माझ्याकडे. आयुष्य घालवायचं, आणि शेवटी इथल्या माळावर पट्ट्या लावणंच स्वस्त निघालं तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाझरी तलावावर गेलो. पाठीमागून ऊन आलं आणि बघता बघता अख्खं पाणी पेटल्यासारखं झालं. एवढं सगळं रोज येतं आणि आपण सावली शोधतो.

"काहून थांबून राहिली तू?" भाऊरावांनी अचानक मेघाला विचारलं.

"उत्तर नाही म्हणून. आणि तुमच्याकडे कोण बघेल?"

"उत्तर नाही म्हून तं जायचं. अन् मी काय अवकाशात राहून राहिलो? बंगळुरूले गाडी जाते न."

मेघा हसली, मग तिने डोळे पुसले. घरी पोचताच तिने होकार कळवला. मात्र दुरुस्तीच्या प्रश्नावर काम करायला मिळावं, ही अट घालून.

पुण्यात परतल्यावर मी लेख पुन्हा लिहायला घेतला. सगळे आक्षेप त्यात मांडले आहेत. हे कधी जमेल की नाही, मला माहीत नाही. पण विजेजवळ अनवाणी जायचं नाही, ही भाऊरावांची तीस वर्षांची शिस्त. त्या दिव्यापुढे उभं राहताना मात्र त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या.