काकींचा फोन चालू आहे

मुलुंड-भांडुपात ज्या दारावरच्या पाटीत ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नसेल, ती पाटी आमच्या पाटीवाल्या काकांच्या हातची आहे असं खुशाल समजावं. आणि जिच्यात चूक असेल, तिच्या मालकाचं काकांशी कधीतरी भांडण झालेलं आहे, असं समजायलाही हरकत नाही. भांडुपला एका औद्योगिक वसाहतीत तळमजल्यावर त्यांचा गाळा होता. पितळ, सागवान, ॲक्रिलिक, म्हणाल त्यावर ते नाव कोरून देत. पण काय कोरायचं हे गिऱ्हाइकाने ठरवायचं असतं, ही गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही. पाटीवर खोटं नको, हा त्यांचा एकमेव नियम. एक तरुण नावाआधी ‘डॉ.’ लावून मागायला आला, तर काकांनी सर्टिफिकेट मागितलं. शेवटची परीक्षा राहिली आहे म्हणाला. काकांनी नावाआधी दोन बोटं जागा मोकळी सोडून पाटी करून दिली आणि पास झालास की ये, फुकट कोरून देतो, असं सांगितलं. नावाआधी मोकळी जागा असलेली ती पाटी मी कितीतरी वर्षं जाता-येता पाहिली. दोन भाऊ ‘सुखनिवास’ करून घ्यायला आले आणि कुणाचं नाव वर यायचं यावरून गाळ्यातच एकमेकांना वाटेल ते बोलले. काकांनी त्यांना नुसत्या खोली क्रमांकाची पाटी दिली, आणि घरात सुख आलं की पुढचं बघू म्हणाले.

माझीही पाटी त्यांचीच. मी पंचवीसेक वर्षं मुलुंडला लोकांच्या कराची प्रकरणं बघतो. वकिलीच्या सुरुवातीला मी त्यांच्याकडे ‘कर सल्लागार’ असं लिहून घेऊन गेलो. काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग म्हणाले, “हे सुटं लिहिलंस तर काय वाचतील लोक? ‘कर, सल्लागार.’ म्हणजे तूच स्वतःला कामाला लावतोयस. जोडून लिही.” तसं जोडून कोरलेलं ‘करसल्लागार’ आजही माझ्या दारावर आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांत ते बरोबर आहे असं म्हणणारा मला दुसरा माणूस भेटलेला नाही.

असा माणूस धंद्यात टिकला तो केवळ काकींमुळे. काका गिऱ्हाइकाला घालवायचे आणि काकी त्याला कोपऱ्यावरून परत आणायच्या. पैसे, पावत्या, बिल्डरांचे तगादे, सगळं त्यांच्या फोनवर चाले. एका बिल्डरने अख्ख्या टॉवरच्या पाट्यांचं काम दिलं आणि जीएसटी नंबर काढाच म्हणाला, तेव्हा नोंदणी मीच करून दिली. मोबाइल कुणाचा टाकू विचारलं, तर काका म्हणाले, “हिचाच टाक. माझा टाकून काय उपयोग, मी उचलत नाही.” हे खरंच होतं. काकांकडे बटणांचा एक छोटा फोन होता आणि त्यात एकच नंबर होता, काकींचा. काकी दुपारच्या क्लासला जाऊन विवरणपत्रं भरायला शिकल्या आणि पहिलं स्वतः भरलं, तेव्हा मला पेढे द्यायला आल्या होत्या. जीएसटीचं विवरणपत्र भरल्याबद्दल पेढे वाटणारी बाई मी आजवर एकच पाहिली.

त्या काकी पंधरा दिवसांच्या आजारात गेल्या. मी तेराव्याला गेलो, जेवलो, काकांच्या शेजारी तासभर बसलो. आता विवरणपत्रं कोण भरतं, हे मी विचारलं नाही. अशा वेळी कसं विचारायचं, असं त्या दिवशी मला वाटलं होतं.

काकींचा फोन काकांनी गाळ्यात त्यांच्या फोटोखाली फळीवर ठेवला. चार्जर कायमचा लावलेला. दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ते त्याचं रिचार्ज मारत. फोन टिंग वाजला की कोरायचं थांबवून फोटोकडे बघत आणि “हां, ऐकलं” म्हणत. फोनला बोटाने पॅटर्न काढून उघडायचं कुलूप होतं आणि तो पॅटर्न काकांना ठाऊक नव्हता. एकदा मी म्हटलं, दुकानात देऊन उघडून घेऊ या का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा अर्धा टाकून उठलो. बाईमाणसाचा फोन उघडत नाहीत, एवढंच म्हणाले. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं. घरी येऊन मी ते बायकोला सांगितलं, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. आमच्या दोघांच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

वर्षभराने काका माझ्या ऑफिसात आले ते पितळेच्या पत्र्याच्या व्यापाऱ्याकडून परत आलेला चेक घेऊन. बँकेने खातं गोठवलं होतं. मी संगणकावर त्यांचं जीएसटीचं खातं उघडलं आणि खाली खाली वाचत गेलो. विवरणपत्र भरलं नाही म्हणून नोटीस, मग आठवण, मग सुनावणीची तारीख, मग दुसरी तारीख, आणि कुणीच उत्तर देत नाही म्हणून शेवटी अंदाजाने केलेली आकारणी. खरा कर होता त्याच्या कितीतरी पट, वर व्याज आणि दंड. सगळं रीतसर कळवलेलं होतं, काकींच्या नंबरवर. काका चष्मा पुसत म्हणाले, “वाजायचा ना रे. मला वाटायचं तिच्या भिशीतल्या बायका असतील.”

माझ्या धंद्यात दोन प्रकारची माणसं येतात. कर बुडवणारा फाइल घेऊन येतो, त्यात सगळे कागद तारीखवार लावलेले असतात, आणि तो हसत हसत फी ठरवतो. करात बुडणारा पिशवी घेऊन येतो, तिच्यात न उघडलेली पाकिटं असतात, आणि तो आधी माझी माफी मागतो. या दुसऱ्या माणसाला मी कधी विचारलं की कधीपासून पत्रं उघडली नाहीत, तर तो पैशांचं कारण सांगतच नाही. कुणी मेलेलं असतं, कुणी घर सोडून गेलेलं असतं, मुलगी बोलत नसते. पैशांची वाट मागाहून लागते. कायद्यात मात्र यातल्या कशालाच रकाना नाही, आणि इतकी वर्षं काढून मीही तो कुठे पाडून देऊ शकलेलो नाही.

तरी एक फट होती. अपिलाची तीन महिन्यांची मुदत संपून गेली होती. आणखी एक महिना मिळू शकतो, पण उशिराचं कारण पटलं तर. त्या महिन्यातले आठ दिवस शिल्लक होते. अपील दाखल झालं असतं तर खरे आकडे दाखवून काका सहज सुटले असते. नाही झालं तर गाळा जाणार, कारण विकण्यासारखं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. मी रात्र न् दिवस खपून प्रतिज्ञापत्र तयार केलं. त्यातलं महत्त्वाचं वाक्य एकच होतं: ‘सदर मोबाइल क्रमांक पत्नीच्या निधनानंतर बंद होता.’

काकांनी ते पेन्सिल घेऊन वाचलं. माझ्या दोन वेलांट्या सुधारल्या, एक अनुस्वार दिला. मग ‘बंद’ या शब्दावर पेन्सिलीचं टोक टेकवून बसून राहिले.

“हे खोटं आहे.”

मी त्यांना समजावलं की हे कुणी तपासायला येत नाही. फोन कुणी पाहत नव्हतं म्हणजे बंद असल्यासारखाच. ते ऐकेनात. शेवटी मी चिडलो. गाळा जाईल काका, या एका शब्दासाठी तुमचं सगळं आयुष्य जाईल, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. काका रागावले की मालवणीवर येत, पण त्या दिवशी ते रागावले नव्हते आणि तरी मालवणीवर आले.

“बंद खंय आसा रे तो? मी दर म्हयन्याक रिचार्ज मारतंय. बंद म्हणान सही केलंय, तर मगे ती गेलीच ना.”

मी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली. वाक्य खोडलं आणि खरं लिहिलं: फोन चालू होता, पण पाहिला जात नव्हता.

सुनावणीला काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. अधिकारी बाई तरुण होत्या, सभ्य होत्या. मी बोलत असताना काकांचं लक्ष त्यांच्या टेबलावरच्या छापील पाटीकडे लागलं होतं. मी काकांच्या पायाला पाय लावला, तरी ते बोललेच. “मॅडम, उपायुक्त मधला उ पहिला. तुमच्याकडे दुसरा लागलाय.” बाईंनी पाटी वळवून पाहिली आणि त्या हसल्या, आणि क्षणभर मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं. फोन चालू होता का, असं त्यांनी काकांना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज असा होता, जणू त्या स्वतःच काकांना नाही म्हणायला शिकवत आहेत. काका दोन्ही वेळा हो म्हणाले. चालू फोनवर आलेली नोटीस मिळालीच असं धरावं लागतं. बाईंचाही नाइलाज होता. अपील दाखल करून घेतलं गेलं नाही. हायकोर्टाचा रस्ता मी सुचवला, पण काकांनी खर्च विचारला आणि मान हलवली.

गाळा गेला. कोरायचं मशीन भंगारवाला वजनावर घेऊन गेला, ते मी बघितलं आहे. देणं फिटलं, नोंदणी रद्द झाली, आणि काका फोटो आणि फोन घेऊन भांडुपच्या भाड्याच्या खोलीत बसले. हाताला काम नाही, भांडायला गिऱ्हाईक नाही. हा माणूस माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे असा बसला आहे, हे मला कुणी म्हटलेलं नाही. काकांनी तर नाहीच.

सहा-सात महिन्यांनी ते एकदा ऑफिसात आले. किती वाळले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग हळूच म्हणाले, “तुझे टॅक्सवाले गप्प झाले रे. फोन वाजतच नाही हल्ली.” मी सांगितलं, खातं बंद झालं काका, आता त्यांचं काही यायचं नाही. “भिशीवाल्या बायका तर कधीच थांबल्या,” ते म्हणाले. म्हणजे वर्षभर त्या नंबरवर आठवणीने मेसेज करणारं एक टॅक्सचं खातंच होतं, आणि त्याचंही काम आता संपलं होतं.

निघताना ते दारात थांबले. खिशातला रुमाल काढून माझी पाटी पुसू लागले, आधी नाव, मग खालची ओळ.

“जोडून लिवलंय तेच बरोबर,” ते म्हणाले. “पण एक सुटा ‘कर’ पण दे माका. फोन कर तिका. अधनंमधनं.”

मी करतो. पाच-सहा वेळा वाजू देतो आणि ठेवतो. भांडुपच्या त्या खोलीत फळीवर तो वाजत असेल, आणि काका हातातलं काम थांबवून, आता काम नाही तरी, “हां, ऐकलं” म्हणत असतील. तेराव्याला त्यांच्या शेजारी मी तासभर बसलो होतो. आता विवरणपत्रं कोण भरतं, एवढंच विचारायचं होतं.