वहिनीची एक चूक

वहिनीच्या तेराव्याच्या दुपारी मुलुंडच्या त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही एकवीस माणसं होतो. पंगत दोनदा बसवावी लागली. दुसऱ्या पंगतीत कोणीतरी दादाला, माझ्या थोरल्या भावाला, वहिनीबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. दादा बहात्तर वर्षांचा आहे, चारचौघांत बोलणं त्याला कधीच जमलेलं नाही. पानावरचा भात कालवत तो म्हणाला, "चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिची एकच चूक. ह्याला अणुकेंद्रात जाऊ दिलं नाही. बाकी बाईला नाव ठेवायला जागा नव्हती." सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो आणि पुढचा घास घेतला.

वहिनी गेली त्या पहाटे दादाचाच फोन आला होता. "मोहन, ही उठत नाही रे..." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला होता.

मी पंपांच्या कारखान्यात खर्चाचे अंदाज काढतो. तीस वर्षं हेच काम. रुपयाचा फरक राहिला तरी तो कागद माझ्याच्याने पुढे सरकवला जात नाही. पण दादाने भर पंगतीत केलेला हिशेब चुकीचा आहे हे मला ठाऊक होतं, आणि तो मी तसाच राहू दिला. तेही पहिल्यांदा नव्हे.

मी दहा वर्षांचा असताना मालवणजवळच्या आमच्या गावाहून शिकायला दादाकडे आलो. दादा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याला आणि वहिनीला मूल नव्हतं, पुढेही झालं नाही. वहिनी मला मुलासारखं वागवायची असं लिहिणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ती मला घरातल्या मोठ्या माणसासारखं वागवायची. बाजारात काय आणायचं, कोणाकडे किती आहेर करायचा, सगळं विचारायची. तांदूळ मोजायला बसली की मला समोर बसवायची. माणशी एक लहान पितळी वाटी. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं ही धान्य मोजण्याची जुनी रीत. वहिनी सगळंच तसं मोजायची, नारळ, भाकऱ्या, इस्त्रीला द्यायचे कपडे. लाभ, दोन, तीन. दादा चिडवायचा, "हिला एक हा आकडाच येत नाही." ती म्हणायची, "तुमका येता मा? मगे झाला."

चौऱ्याऐंशी साली मी मेकॅनिकल इंजिनियर झालो आणि अणुकेंद्राच्या, म्हणजे सरकारी अणुसंशोधन केंद्राच्या, प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली. वर्षभर तिथेच राहून शिकायचं, मग नोकरी. ठरलेली वर्षं नोकरी करीन असं लिहून द्यायचं, आणि जामीन म्हणून दादाची सही. दादाने ते पत्र कारखान्यात नेऊन सगळ्यांना दाखवलं. घडीवर घडी पडून ते फाटायला आलं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहायचे. त्यांनी जिन्यातच मला थांबवून सांगितलं, "तिथं काम करणाऱ्यांना पोरं होत नाहीत बाबा. किरणं बाधतात." मी इंजिनियर. हसून सोडून द्यायला हवं होतं. मी ते घरी येऊन वहिनीला सांगितलं, आणि सांगताना माझा चेहरा हसरा नसावा.

दोन दिवसांनी चेंबूरला बहिणीकडे जाते म्हणून ती सकाळी बाहेर पडली, ती संध्याकाळी परतली. दादा दुसऱ्या पाळीला गेला होता. चप्पल काढता काढताच तिने सांगितलं की ती मानखुर्दला उतरून, विचारत विचारत, अणुकेंद्रातल्या लोकांच्या वसाहतीपर्यंत गेली होती. फाटकाबाहेर बसून राहिली, शाळा सुटेपर्यंत.

"कशाला?"

"पोरां बघूक. लाभ, दोन, तीन करून पन्नासपर्यंत मोजलंय. मगे एकच पोर दोनदा मोजतंय असा वाटाक लागला, सोडलंय. धडधाकट आसत रे सगळी. एकान तर माज्या पिशयेवर बॉल मारल्यान. जा तू. भिया नको."

मग हसत हसत म्हणाली, "पहारेकऱ्याक वाटला, मी पोरां पळवणारी. तो इचारता, 'आपका बच्चा कौनसा है?'"

मी पण हसलो. बावीस वर्षांचा होतो... त्या प्रश्नापाशी थांबायला हवं होतं हे तेव्हा कळलं नाही.

पण मला पोरांची भीती नव्हतीच. मुलाखतीला गेलो होतो तेव्हा बाहेरच्या बाकावर माझ्यासारखेच आठ-दहा जण बसले होते. ते आपसात जे बोलत होते त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. कॉलेजात मी पहिल्या तिघांत असायचो. तिथे वर्षभर मागे पडायचं, नापास होऊन परत यायचं, तेही दादाने एवढं पत्र मिरवल्यावर... भीती त्याची होती. आणि भांडुपच्या पंपांच्या कारखान्यातून बोलावणं आलेलं होतं.

रविवारी दादाने विचारलं, "मग? रुजू कधी व्हायचं?"

मी म्हणालो, "वहिनीचं मन नाही. पुढे मुलंबाळं व्हायची नाहीत म्हणते."

हे इतकं पटकन पटेल असं मला वाटलं नव्हतं. ज्या घरात मूल नाही त्या घरातल्या बाईची ती भीती कोणालाही खरी वाटली असती, आणि ते मला आतून ठाऊक होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. माझ्याकडे बघितलं. आता ती सगळं सांगणार म्हणून मी मान खाली घातली. ती दादाला म्हणाली, "होय. नको जाऊंदे त्येका."

दुसऱ्या दिवशी चहा देताना तिने हळूच विचारलं, "खरा सांग, कसली भीती?"

"नापास होईन."

"इतक्याच?" ती म्हणाली, आणि चहात आणखी दूध घातलं.

दादा त्यानंतर दिवाळीपर्यंत तिच्याशी धड बोलला नाही. पुढे राग निवळला आणि त्याची थट्टा झाली. दोन वर्षांनी रशियात अणुभट्टी फुटली तेव्हा वरचे काका खास खाली येऊन म्हणाले, "तुमच्या बाईला आधीच कळलं होतं हो!" माझ्या दोन्ही मुलांच्या बारशाला कोणी ना कोणी म्हणालंच, की ही पोरं वहिनीच्या हट्टाची कमाई. ती त्यांना मांडीवर घेऊन हसायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगावं. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता एवढ्या वर्षांनी कशाला.

हा लेख छापायला पाठवण्याआधी दादाला सांगणं भाग होतं. मागच्या रविवारी गेलो. तो स्वयंपाकघरात पाटावर बसला होता, पुढ्यात तांदळाचा डबा. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मानखुर्द, फाटक, पन्नास पोरं, आणि माझी भीती.

त्याने डब्याचं झाकण लावलं.

"त्या साली दिवाळीपर्यंत मी बोललो नव्हतो तिच्याशी."

"हो."

"तू इथेच होतास."

"हो, दादा."

"तिच्या हातचं जेवत होतास."

मी दाराशी सरकलो.

"म्हणजे तिची एकही चूक नाही," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने डबा उघडला. पितळी वाटी भरली, तिच्यासारखीच बोटाने सपाट केली, पातेल्यात ओतली आणि म्हणाला, "लाभ." आता एकट्याचं माप तेवढंच होतं. पण वाटी घेतलेला हात डब्यात तसाच राहिला. मी चपला पायात सरकवल्या. निघू का असं विचारलं. त्याने वर बघितलं नाही. पुन्हा वाटी भरली, बोट फिरवलं.

"दोन," तो म्हणाला.