साहेबांच्या आजारात आमचे नाना

आमच्या भागातले साहेब मुंबईच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर गेले आणि नरडाण्याजवळच्या आमच्या गावाला दुसरं कामच उरलं नाही. मारुतीच्या देवळात रोज त्यांच्यासाठी आरती होऊ लागली. ज्यांनी जन्मभर साहेबांना शिव्या घातल्या, तेही टाळ घेऊन उभे. एका उत्साही कार्यकर्त्याने तर श्रद्धांजलीचं स्टेटस टाकलं आणि शिव्या खाऊन तासाभरात काढलं.

मग दहा-बारा जणांनी साहेब घरी येईपर्यंत पायात चप्पल न घालण्याची शपथ घेतली. त्यांत माझे वडीलही होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय सत्तर, साखर पंधरा वर्षांची जुनी, आणि महिना वैशाखाचा. मी धुळ्याला शाळेत शिकवते. दर रविवारी गावी जाऊन त्यांच्या विनवण्या करायचे. बाकीच्यांनी आठवडाभरात पळवाटा शोधल्या. एक जण मोजे घालू लागला, दुसऱ्याच्या मते मोटरसायकलवर चप्पल चालते. नाना तेवढे अडून बसले.

"पायले चटकाच लागत नही, बेटा. साहेबस्नी पुण्याई शे," ते सांगायचे.

गावाला ते खरं वाटलं. दुपारच्या तापल्या डांबरावरून नाना सावकाश चालत जायचे आणि ओट्यावर बसलेली माणसं उठून त्यांच्या पाया पडायची. साखरेने तळव्यांची जाणीवच गेली आहे, हे मी सगळ्यांना ओरडून ओरडून सांगितलं. चार बुकं शिकून वाया गेलेली पोर, अशा नजरेने लोक बघायचे. शेवटी मी थकले. एका रविवारी पेपर तपासायचे आहेत असं सांगून गेलेच नाही. खरं म्हणजे मला झोपायचं होतं. त्या रविवारची झोप मला अजून टोचते.

पुढच्या रविवारी घरात शिरताच वास आला. डाव्या तळव्याला रुपयाएवढी जखम होती, आत पू साठलेला, आणि नानांना पत्ताच नव्हता. धुळ्याच्या डॉक्टरांनी आधी दोन बोटं काढली, मग घोट्याच्या वरून पाय.

त्याच आठवड्यात साहेब बरे होऊन घरी परतले. फटाके, ढोल, जेसीबीतून फुलांचा मारा, सगळं यथासांग झालं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मोबाइलवर ते नानांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता तरी चिडतील, निदान रडतील. मी कधीची त्याचीच वाट बघत होते.

त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मना पायनं साहेबस्ले सांगजो नको," ते म्हणाले. "आत्तेच बरा व्हयेल शेतस त्या. मनले लाई लेतीन."

मनाला लावून घ्यायला साहेब नानांना ओळखतही नव्हते.

"नही सांगसू," मी म्हटलं.