बॉलमधलं तेल काढणारा सलीम

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. मानोऱ्याहून त्याचा भाऊ बोलत होता... दम्याने गेला, दफन संध्याकाळी. मी निघालो, मूठभर माती दिली. त्याला आता दीड महिना झाला.

नागपूरच्या एका मॉलमधल्या बोलिंगच्या हॉलमध्ये आम्ही नऊ वर्षं सोबत होतो. मी केनवडचा, त्याच्या मानोऱ्याच्याच जिल्ह्यातला. पहिल्याच दिवशी त्याच्या ‘काहून’वरून मी ओळखलं, हा आपल्याकडचा. खेळाच्या पट्टीवर तेल दिलेलं असतं. त्यावरून घरंगळताना बॉल ते तेल पितो आणि हळूहळू वळेनासा होतो. ते तेल बाहेर काढणं हे सलीमचं काम. बोटांच्या भोकांवर चिकटपट्टी लावायची, कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून बॉल बुडवायचा, तवंग आला की पुसून पुन्हा बुडवायचा. शेवटी बारीक पॉलिश कागद. “नवा काहून घेता? याच्यात लय जीव हाय अजून,” तो खेळणाऱ्यांना सांगायचा.

एका शुक्रवारी तो नमाजाला गेला होता. कॉलेजातल्या एका मुलीची स्पर्धा होती, तिचा स्वतःचा बॉल आमच्याकडे तेल काढायला होता. मी घाईत उकळतं पाणी ओतलं. टक् आवाज झाला... अंगठ्याच्या भोकापासून चीर गेली. सलीम परतल्यावर मॅनेजरने दोघांनाही बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत सलीम म्हणाला, “माह्या हातानं झालं, साहेब.”

त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. मुलगी उसन्या बॉलने खेळली आणि पहिल्याच फेरीत हरली.

“काहून बोलला तू?” मी जिन्यात विचारलं.

“तुही पोरगी आत्ता शाळेत चालली. मले तसंबी घरी जायाचंच हाय, अब्बाले दिसत नाही.”

मी मॅनेजरला खरं सांगायला गेलो नाही. नंतर ईदला फोन व्हायचे, त्यात हा विषय कधी निघाला नाही.

दफनानंतर त्याच्या बायकोने पाणी दिलं. “त्यायच्या हातून बॉल फुटला म्हनत. इतका जपून काम करनारा मानूस...”

“माझ्या हातून फुटला, भाभी.”

“आमालेबी नाही सांगितलं त्यायनं,” ती म्हणाली आणि पेला घेऊन आत गेली.

परतल्यावर मॅनेजरलाही खरं सांगितलं. तो नवा; त्याला सलीम कोण हेच माहीत नव्हतं. मी बादली भरायला गेलो. बॉल बुडवण्याआधी पाण्यात कोपर घालून पाहिलं, लेकराच्या आंघोळीचं पाणी पाहतात तसं. सलीम रोज तसंच पाहायचा.