मधला पाण्याचा थेंब

नात सकाळपासून लॅपटॉपवर एका प्रथिनाचं चित्र फिरवते आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ, स्वतःतच गुंडाळलेली. तिचा कुठला मणी कुठल्या मण्याला धरून आहे, हे तिला शोधायचंय.

“आजी, हे दोघं एकमेकांना सांभाळतात म्हणे, पण मधे नुसती पोकळी दिसतेय गं!”

“चित्रातलं पाणी आधीच काढून टाकलंस ना?”

“काढतातच की. कचरा तो!”

तिच्या वयात प्रयोगशाळेत मीही नाक उडवून हेच म्हणायची. पाण्याचा एखादा रेणू मधे उभा राहून दोघांनाही हात देतो, हे तेव्हा माझ्यातल्या त्या दीडशहाणीला कोण सांगणार!

तिनं पाणी परत घातलं. पोकळीत पाण्याचा एक लाल ठिपका उमटला.

आणि माझं डोकंच फिरलं. हिचं परदेशी जायचं ठरल्यापासून बापलेकींचा अबोला आहे. “आजी, बाबांना सांग.” “आई, तिला विचार.” दोघांच्या खोल्यांमधे भिंत एकच, पण निरोप नेऊन नेऊन गुडघे माझे गेले. पाण्याला बरं, गुडघेच नसतात! आणि उद्या मी नसले, की या दोघांत काय दिसणार?

तेवढ्यात भिंतीपलीकडून मुलाचा आवाज आला, “आई, तिला विचार, तिकीट काढलं का?”

मी शांतपणे कवळी काढून वाटीत ठेवली आणि नातीकडे बघत बसले.

तिनं वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “नाही, बाबा. अजून नाही काढलं.”