कोमल राठोडचा बुद्ध्यांक

बातमीदाराच्या वहीत दोन ढीग असतात. एक छापून आलेल्या बातम्यांचा आणि दुसरा ‘पुरावा आहे का?’ म्हणत संपादकांनी परत केलेल्यांचा. दुसरा नेहमीच मोठा. यवतमाळात इतकी वर्षं काढल्यावर माझ्याकडे बोगस बियाण्यांपासून बोगस बदल्यांपर्यंत सगळं साठलंय. पण हल्ली सगळ्यात भराभर वाढतोय तो माणसांची बुद्धी मोजणाऱ्यांचा ढीग! त्यातला बहुतेक माल एकाच केंद्रातला. केंद्र ठोंबरे सरांचं. सहा दिवसांचा ऑनलाइन कोर्स, सर्टिफिकेट मात्र फ्रेममध्ये.

*

या ढिगात मला ओढलं ते बाबूसिंग राठोडांनी. नेरकडच्या एका तांड्यावर त्यांची शेती. त्यांची कोमल यंदा पाचवीला यवतमाळच्या एका निवासी शाळेत आली. शाळेनं नवी मुलं ठोंबरे सरांकडे चाचणीला पाठवली. शाळेचा नियम शाळेनंच केलेला: बुद्ध्यांक ऐंशीच्या खाली आला की मूल घरी! कोमलचा आला अठ्ठावन्न.

“साहेब, आमच्या तांड्यावर शाळा चौथीलेच संपते,” बाबूसिंग म्हणाले. “इथून काढली तं पोरगी घरीच बसते. मंग दोन-चार सालात लोक सोयरीक घेऊन येतेत.”

मी कोमलला विचारलं, “तिथं काय झालं गं?”

“एक बाई प्रश्न विचारे.”

“मग तू काय सांगितलंस?”

“काहीच नाही. याडीनं सांगितलं होतं, शहरात अनोळखी माणसासंग बोलायचं नाही.”

पोरीनं आईचं ऐकलं. त्याचे अठ्ठावन्न!

*

ही ‘एक बाई’ कोण, ते बघायला केंद्रात गेलो. रिसेप्शनवरच्या ताईच चाचणी घेत होत्या. समोर एक मुलगा पेन्सिल चावत बसलेला, टेबलावर स्टॉपवॉच चालू, आणि ताई फोनवर.

“अवं, वांगे नको आणजो! कालचेच पडून हायेत.”

मुलानं दोनदा हात वर केला. ताईंनी त्याला हातानंच खाली बसवलं. मला राहवलं नाही. “ताई, ते घड्याळ तरी थांबवा!”

त्यांनी फोनवर हात ठेवला. “मधात थांबवता येत नाही सर. टेस्टचा नियम असते!”

ठोंबरे सर कुठे आहेत म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, “सर फक्त सही करतात.”

*

सही केलेला कोमलचा रिपोर्ट मी नीट वाचला. पहिल्या पानावर अठ्ठावन्न. दुसऱ्या पानावर: आई बँकेत नोकरीला, मोबाइलचा अतिवापर, पोहण्याची आवड.

बाबूसिंगांना वाचून दाखवला. त्यांनी पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, “साहेब, आमच्या तांड्यावर उन्हाळ्यात टँकर येते. हे पोहली कायच्यात?”

मी ठोंबरे सरांना गाठलं. म्हटलं, कुणाचा तरी रिपोर्ट उचलून नाव बदललंय, हे पहिलीतलं पोरही सांगेल. सर शांत.

“ती टायपिंग मिस्टेक आहे. बुद्ध्यांक मात्र करेक्ट आहे!”

*

सरांचा धंदा फक्त मुलांवर नाही. लोहाऱ्याच्या एका कारखान्यात ते बोटांचे ठसे घेणारं मशीन घेऊन गेले. ठशांवरून म्हणे नेतृत्वगुण कळतात! सुपरवायझर निवडायचा होता. सगळ्यात जुने फिटर सलीमभाई. लोखंड घासून घासून बोटांवर रेघच उरलेली नाही. मशीनला काहीच दिसेना. रिपोर्ट आला: ‘नेतृत्वगुण आढळले नाहीत.’

तो रिपोर्ट कुठे लावला? नोटीस बोर्डावर, सुट्ट्यांच्या यादीशेजारी! येणारा-जाणारा विचारतो, “काय सलीमभाई, दिमाग घरीच ठेवून आले काय?”

“हे गोपनीय असतं ना?” मी सरांना विचारलं.

“पारदर्शकता!” सर म्हणाले.

दुपारी ते ठशांचं मशीनच बंद पडलं. मालकांनी दुरुस्तीला सलीमभाईंना बोलावलं.

*

बाभुळगावच्या एका झेरॉक्सच्या दुकानात याच केंद्राच्या चाचणीची प्रश्नपुस्तिका मिळते, उत्तरांसकट. प्रश्न मी इथे छापत नाही. ते गुप्त ठेवायचे असतात, एवढं मला कळतं. माझ्या ओळखीच्या एका पालकानं मुलाकडून आठ दिवस घोकून घेतले. चाचणीच्या दिवशी ताई प्रश्न अर्धा वाचायच्या आणि पोरगं उत्तर देऊन मोकळं!

रिपोर्टमध्ये सरांनी लिहिलं, ‘विलक्षण उपजत बुद्धी.’

*

कोमलची चाचणी पुन्हा घेतली ती डहाके मॅडमनी. मॅडम शिकलेल्या मानसतज्ज्ञ, सरकारी नोकरीतल्या. त्यांनी तांड्याची गोरबोली बोलणारी कोमलची मावशी सोबत बसवली. चाचणी कशासाठी आहे, निकाल कोण बघणार, हे आधी आईला समजावलं. पहिली सकाळ नुसत्या गप्पांत घालवली. मग पोर बोलायला लागली. बुद्ध्यांक आला चौऱ्याण्णव.

मुख्याध्यापकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. ठोंबरे सर, मॅडम, बाबूसिंग, कोमल आणि न बोलावता मी.

“एक रिपोर्ट अठ्ठावन्न, एक चौऱ्याण्णव,” मुख्याध्यापक म्हणाले. “दोघंही आपलेच. कोणाला दुखवायचं नाही. आपण सरासरी काढू!”

“सर, ही काय तूर आहे?” मॅडम उसळल्या. “चांगली आणि किडकी मिसळून भाव काढताय? पहिली चाचणी ही चाचणीच नव्हती!”

“मला सरासरी चालेल,” ठोंबरे सर म्हणाले.

मुख्याध्यापकांनी रिपोर्टच्या पाठीवर दोन्ही आकडे एकाखाली एक मांडले. बेरीज केली: एकशे बेचाळीस. निम्मे केले. “एकाहत्तर. ऐंशीच्या खालीच येते, राठोड. आता मी काय करू?”

कोमल टेबलाला लागून उभी होती. तिनं कागदाकडे पाहिलं, मग बापाकडे.

“बोल बेटा,” बाबूसिंग म्हणाले.

“सर, हातचा राहिला.”

मुख्याध्यापकांनी चष्मा लावला. आठ आणि चार बारा. खोडलं. हातचा एक वर लिहिला. एकशे बावन्न. निम्मे शहात्तर.

“शाब्बास, बरोबर आहे तुझं,” ते कोमलला म्हणाले. “पण तरी ऐंशीच्या खालीच.”

आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही केली.