तीन किलोची भर

कानडी मुलखातल्या यशवंतपूरच्या बाजारात कांद्याच्या लिलावात भांडण लागलं, की दोन्ही बाजूंचे लोक एकाच माणसाकडे बघत. निपाणीकडचा कल्लाप्पा तोलाईदार. गुरुप्रसाद शेठच्या आडतीवर त्याचा जन्म गेला. तो बोलला ते वजन. त्यावर कुणी 'पुन्हा घाला' म्हणत नसे.

त्याचा काटा जुना, दांडीवर वजन सरकवायचा. काट्याचा एक पाय खचलेला होता, म्हणून तो तीन किलो खायचा. यात लपवाछपवी काही नव्हती, अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. कल्लाप्पा दांडी वाचायचा, मनात तीन मिळवायचा आणि ओरडून सांगायचा. शेतकऱ्यांनी त्याला नावच दिलं होतं, कल्लाप्पाची भर. पुढे शेठने इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि जुना कोपऱ्यात गेला. कल्लाप्पाचा जीव मात्र त्या जुन्यातच होता. "पंख्याच्या वाऱ्यानं ज्याचे आकडे नाचतात, त्याचा काय भरवसा?" म्हणायचा.

त्यामुळे लेक बॉक्सिंग खेळायला लागली तेव्हा तिचं वजनही त्याच काट्यावर होऊ लागलं.

पवित्रा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. शिवाजीनगरच्या बाजारामागे एका जुन्या गोदामात योगीराज सरांचा क्लब चाले, तिथे ती जायची. राज्य स्पर्धेला तिला पन्नास किलोच्या गटात उतरायचं होतं. त्यावर एक तोळाही जास्त भरला तर बाहेर. क्लबमधला वजनकाटा कधीच रुसून बसला होता. सर हसून म्हणत, "अण्णा, घरात तोलाईदार असताना आम्ही कशाला काळजी करायची? तुम्ही सांगाल ते वजन. सरी, बरोबर ना?"

कल्लाप्पाची छाती फुगायची.

स्पर्धा महिन्यावर आली आणि गावाकडे त्याचा चुलता वारला. दिवसकार्य आणि जमिनीच्या कागदांचं उरकून यायला पंधरवडा लागला. निघाला त्या सकाळी पवित्राला काट्यावर उभं केलं होतं. दांडी एक्कावन्नावर. भर धरून चौपन्न. "मी येईपर्यंत खाली आण," एवढंच सांगून तो गेला.

परत आल्यावर पहिलं काम तेच. पवित्रा हसतमुखाने काट्यावर चढली. कल्लाप्पाने वजन सरकवलं. दांडी पुन्हा एक्कावन्नावर येऊन स्थिर झाली, जणू तो गेलाच नव्हता.

"चौपन्न," तो म्हणाला.

"असं कसं हुईल, अप्पा? मी भात सोडलाय. रोज पळतीया. पँट बघा, दोरी बांधून घातलीया."

"काटा खोटं बोलत न्हाई."

"मग मी बोलतीया?"

कल्लाप्पाने वजन मागे सरकवून दांडी शून्यावर आणली. पोरीचं तोंड उतरलं. पोत्यांवर बसलेला मंजुनाथ हमाल म्हणाला, "अक्का, शेंगदाणे खाल्ले असशील चोरून. चोरलेलं वजनात लगेच दिसतंय." सगळे हसले. पवित्राही हसली, पण डोळ्यांनी नाही.

त्या दिवसापासून तिने बोलणं कमी केलं. मीठ सोडलं. हेब्बाळच्या तळ्याकाठी भर उन्हात प्लास्टिकचा रेनकोट चढवून पळू लागली. घरी आली की बाह्यांतून घाम ओतून काढायची. कृष्णाबाई, तिची आई, दारात तांब्या घेऊन उभी राहायची आणि भरलेला तांब्या तसाच आत न्यायची. लेकीने मीठ सोडलं म्हणून तिनेही आपल्या ताटातलं मीठ बंद केलं. तो तिचा नवस होता की राग, हे कल्लाप्पाला कळलं नाही.

एकदा भांडी घासताना तिला राखेत अंगठी सापडली. पवित्राच्या बोटातली, वर्षानुवर्षं साबण लावूनही न निघालेली. ती तिने नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

"मला डोळ्यांनी दिसतंय ते तुमच्या काट्याला का दिसत न्हाई हो?"

"अगं, खेळात असतंय असं. सर हायत की."

सरांनाही शंका आली नव्हती असं नाही. सरावाला पवित्राचा ठोसा उशिरा सुटतोय, खेळून झाल्यावर ती भिंत धरून उभी राहतेय, हे त्यांनी पाहिलं होतं. पण फोनवर त्यांनी विचारलं ते इतकंच, "अण्णा, वजन?" आणि अण्णांनी सांगितलं, "अजून जास्त हाय." मग त्यांनीही तिला जेवायला लावलं नाही.

बाजारात काट्यावरच्या पवित्राकडे बघून मंजुनाथची चेष्टा चालूच होती. "अण्णा, हे पोतं रोज हलकं व्हायलंय. आतून सडलं नाही ना बघा." या खेपेला कुणी हसलं नाही. शेवटी मंजुनाथच दुसरीकडे बघत विडी शोधू लागला.

स्पर्धेच्या आदल्या सकाळी दांडी साडेअठ्ठेचाळिसावर थांबली. कल्लाप्पाने भर धरली. "साडेएक्कावन्न. अजून दीड किलो."

पवित्राच्या ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. काट्यावरून उतरताना तिने बापाचा खांदा धरला. हात कांद्याच्या पातीसारखा, गार. "उतरवते," म्हणाली.

दुपार कलताना दुकानात दोड्डबळ्ळापूरचं एक गिऱ्हाईक आलं. गुरुप्रसाद शेठने जुना काटा विकायला काढला होता. कल्लाप्पाला वाईट वाटलं, पण प्रामाणिकपणा सुटेना. तो म्हणाला, "घ्या, पण आधीच सांगतो. तीन किलो खातो हा. भर धरावी लागते."

गिऱ्हाईकाने पिशवीतली शिक्क्याची वजनं काढून काट्यावर मांडली. वीस, आणखी वीस, वर दहा. दांडी पन्नासावर सरळ उभी राहिली.

"कुठं खातोय?" तो म्हणाला.

शेठ गल्ल्यावरून हसले. "अहो कल्लाप्पा, तुम्ही गावी होता तेव्हाच मेकॅनिक बोलावून पाय बसवून घेतला. विकायचा तर नीट नको? तुम्हाला सांगायचं राहिलं बघा."

कल्लाप्पाने स्वतःच्या हाताने वजनं उतरवली आणि परत मांडली. पन्नास. मग तो तिथेच काट्याच्या कडेवर बसला. परत आल्या दिवशीची दांडी त्याच्या डोळ्यांपुढे आली. पोरीने तीन किलो उतरवले होते. खरं बोलली होती ती. आणि त्यानंतर तो रोज सकाळी तिच्या अंगावर तीन किलो चढवत आला होता, तोंडाने.

त्याने घरी फोन लावला. "पवित्रा कुठाय?"

"न्हाणीत," कृष्णाबाई म्हणाली. "रेनकोट घालून, कढत पाण्याच्या बादल्या भोवती घेऊन बसलीया. आतनं कडी घातलीया. कालपासनं पाण्याचा थेंब न्हाई पोटात."

"बाहेर काढ तिला! पाणी पाज!"

"माझं ऐकतीया व्हय? तुम्ही सांगितलंय न्हवं दीड किलो."

रिक्षा हेब्बाळच्या पुलाखाली अडकली. कल्लाप्पा सारखी घाई करत होता, "बेग होगप्पा, बेग." रिक्षावाला मागे न बघता म्हणाला, "स्वल्प थांबा, सार. उडून जाऊ काय?" तेवढ्यात कृष्णाबाईचा फोन. न्हाणीतून बादली पडल्याचा आवाज आला होता. आता हाक मारली तर पवित्रा 'ऊं' म्हणते, बाकी काही नाही.

घरी पोचला तेव्हा दाराच्या फटीतून वाफ येत होती. त्याने खांदा लावला. कडी तुटली. पवित्रा भिंतीला टेकून बसलेली, चेहरा लाल, आणि त्यावर घामाचा एक थेंब नाही. दोघांनी उचलून तिला अंगणात आणलं, रेनकोट फाडून काढला. कृष्णाबाईने तांब्या तोंडाला लावला. पवित्राने दात मिटून घेतले.

"पी बाळा. माझं चुकलं. काटा दुरुस्त झाला होता, मला म्हाईत न्हवतं. तू कवाच पन्नासाखाली आलीयास."

तिने डोळे अर्धे उघडले. "तुम्हाला दया आली, अप्पा. म्हणून सांगताय."

"न्हाई गं, खरं सांगतोय."

"मी खरं सांगितलं तवा तुम्ही ऐकलं काय?"

ज्याच्या तोंडच्या आकड्यावर बाजार चालत होता, त्याचा आकडा आज त्याच्या अंगणात कुणी घेईना.

तो उठला. खालच्या किराणा दुकानातून तांदळाच्या शिवलेल्या दोन पिशव्या खांद्यावर मारून आणल्या, पंचवीस-पंचवीसच्या. अंगणात जुना रगडा पालथा पडला होता. त्यावर त्याने गवंड्याची एक फळी आडवी टाकली, वितीने मापून मध्य साधला. एका टोकाला दोन्ही पिशव्या ठेवल्या. ते टोक जमिनीला टेकलं.

"शिवण बघ. कुणी हात लावलेला न्हाई. इकडं पन्नास," तो म्हणाला. "आता तू बस. दांडी न्हाई, भर न्हाई, माझं तोंडबी न्हाई. तुझं तू बघ."

कृष्णाबाईने लेकीला दुसऱ्या टोकावर बसवलं आणि हात काढून घेतला. पवित्रा मांडी घालून, डोळे मिटून बसली.

फळी हललीसुद्धा नाही. तांदूळ खालीच राहिले आणि पोरगी वर तशीच अधांतरी राहिली. कल्लाप्पाने एका पिशवीची शिवण तोडली आणि ओंजळीने तांदूळ काढू लागला. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. तो काढत राहिला. जमिनीवर तांदळाचा ढीग वाढत गेला, तरी फळी हलेना. कृष्णाबाईने तोंडाला पदर लावला. "पुरे करा. किती काढताय? पुरे."

पवित्राने डोळे उघडले. ढिगाकडे पाहिलं, मग बापाकडे. आणि हात पुढे केला. त्या हाताला तांब्या धरवेना. कृष्णाबाईने साखर-मीठ घातलेलं पाणी चमच्याने पाजायला घेतलं. पहिले दोन चमचे ओठांवरून ओघळले. तिसरा आत गेला.

"रिक्षा थांबवलीया गल्लीत," कल्लाप्पा म्हणाला. "दवाखान्यात जायाचं. उद्या खेळायचं न्हाई. सरांना मी सांगतो, माझ्यामुळं म्हणून."

तो वाट बघत राहिला, की आता ती उसळेल, मूठ आपटेल, इतकी वर्षं कशासाठी घाम गाळला म्हणून भांडेल. लहानपणापासून कुठल्याही 'नाही'ला ती भांडल्याशिवाय राहिली नव्हती.

पवित्राने नुसती मान हलवली. "बरं," म्हणाली आणि डोकं आईच्या खांद्यावर टाकलं.

कल्लाप्पाने तिला दोन्ही हातांवर उचललं. जन्मभर पोती उचललेल्या त्या हातांनी यावेळी वजनाचा अंदाज घेतला नाही. त्याने तो घेऊ दिला नाही. अंगणात सांडलेले तांदूळ पायाखाली करकरत होते, आणि तो पळत सुटला.